हात लावेपर्यंत उठायचं नाही

माझ्या कुत्र्याने, गोण्याने, सिनेमात काम केलं हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं मला विचारतात, "तुमचा हिरो कसा आहे?" माझी तब्येत कोणी विचारत नाही. त्या सिनेमाच्या शेवटी कुत्रा माणसाला सोडून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, निघून जातो आणि एकदाही मागे वळून बघत नाही. ते बघून थिएटरात लोक रडले. तो शॉट कसा घेतला हे मात्र मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. दिवाळी अंकासाठी विचारणा झाली तेव्हा बायको म्हणाली, "तेवढं लिहा, बाकी फुशारक्या राहू द्या." आमच्या घरात संपादकाचं काम तीच करते.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरीची सगळी वर्षं श्वानपथकात गेली. तिथल्या कुत्र्यांबद्दल लोकांच्या कल्पना सिनेमावरून बनलेल्या असतात. कुत्रा वास घेतो, भुंकतो, झडप घालतो, वगैरे. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याने यातलं काहीच करायचं नसतं. वास सापडला की त्याने त्या वस्तूजवळ गुपचूप बसायचं. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, शेपटीसुद्धा फार हलवायची नाही. आणि एकदा बसला की बसला.

उठवायची प्रत्येक हॅण्डलरची रीत थोडी वेगळी असते. माझी अशी की मी स्वतः जवळ जाणार, त्याच्या कपाळावर तळवा ठेवणार, मग त्याने उठायचं. हाक मारून उठवायचं नाही. कारण जिथे असं काही सापडतं तिथे चारी बाजूंनी माणसं ओरडत असतात. कोणाच्या तरी हाकेला भुलून कुत्रा धडपडला आणि वस्तूला धक्का लागला तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही. म्हणून माझी स्वतःची हाकसुद्धा त्यात धरायची नाही. मी कुत्र्यांना तसं पक्कं शिकवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. बरोबरचे लोक म्हणायचे, इतकं कडक कशाला? मी म्हणायचो, हाकेवर उठणारा कुत्रा आणि शिट्टीवर नाचणारा बैल यांच्यात फरक काय?

रिटायर झालो, वाशीला राहायला आलो आणि महिनाभरात कंटाळलो. मग आसपासच्या लोकांच्या कुत्र्यांना वळण लावायचं काम सुरू केलं. गिऱ्हाईकं एकेक भारी होती. एका बाईंना त्यांच्या अल्सेशियनला चातुर्मासापुरतं शाकाहारी करून हवं होतं. खाडीकडच्या गावातले एक गृहस्थ होते. एकेकाळी भातशेती करायचे, आता बिल्डर. त्यांनी वासराएवढा विलायती कुत्रा आणून त्याला एसीच्या खोलीत ठेवला होता. मला म्हणाले, "मास्तर, यो भुकतच नाय. चोर आला तं त्याला पानी इचारंल. याला निसता भुकायला शिकवा." मी आयुष्यभर कुत्र्यांना गप्प बसायला शिकवलेला माणूस. तरी पंधरा दिवस त्या एसीत बसून त्याला भुंकायला शिकवलं. शेवटी तो भुंकायला लागला, पण फक्त मालकावर.

गोण्या मला घाऊक बाजारात सापडला. मी सकाळी फिरत फिरत कांदा-बटाट्याच्या गाळ्यांकडे जायचो. तिथे बबनराव नावाचे माथाडी कामगार माझ्या तालुक्यातले निघाले. त्यांच्या गोण्यांच्या थप्पीवर एक पिल्लू झोपलेलं असायचं. तांबूस रंग, एक कान काळा. बबनराव म्हणाले, "न्या राव, हितं ट्रकखाली जाईल एखाद्या दिवशी." मी घेऊन आलो. बायको म्हणाली, नोकरीत कुत्री, आता घरातही कुत्रं. आठ दिवसांनी तिनेच त्याला तूपपोळी घातली.

गावठी कुत्र्याला शिकवता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी गोण्या दाखवायचो. माझी नोकरीतली जुनी टोपी बागेत कुठेतरी लपवायची आणि त्याला सोडायचं. तो वासावरून टोपी शोधायचा आणि तिच्याजवळ बसायचा. मग सोसायटीतली सगळी पोरं बिस्किटं घेऊन त्याला हाका मारायची. मीही मारायचो. तो ढिम्म. मग मी सावकाश जाऊन कपाळावर हात ठेवला की उठायचा. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या कुत्र्याला नव्हत्या, मला होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यावरूनच जाहिराती आणि मालिकांची कामं मिळायला लागली. बाहेरच्यांसाठी सांगतो, पडद्यावर कुत्रा नायकाच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो तेव्हा तो नायकाच्या कानामागून दिसणाऱ्या माझ्या हाताकडे बघत असतो. हातात चिकनचा तुकडा असतो. तो पलंगाखालून बाहेर येतो तेव्हा पलंगाखाली मी पालथा पडलेला असतो. माझे गुडघे त्याच काळात गेले.

मग ऋचा आली. तिशीची मुलगी, पहिलाच मोठा सिनेमा करत होती. शंभरेक वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी आहे, कुत्र्याच्या साहसाची. मी शाळेत तिचं मराठी भाषांतर वाचलं होतं, निम्मं तरी. बंगल्यात लाडात वाढलेला कुत्रा चोरीला जातो, लांबच्या बर्फाळ मुलखात कष्टाला जुंपला जातो आणि शेवटी माणसांचा नाद सोडून लांडग्यांत जातो. ऋचाला ते मराठीत करायचं होतं. मी विचारलं, बर्फ कुठला आणणार? ती म्हणाली, "बर्फ नाही काका, चिखल. उरणची मिठागरं, मासेमारीच्या बोटी, आणि शेवटी खाजण."

"आणि लांडगे?"

"लांडगे नाहीत. कोल्हे. आपल्या तिवरांत आहेत ना."

हे खरंच आहे. खाडीकाठी, तिवरांच्या म्हणजे खारफुटीच्या झाडीजवळ राहणाऱ्यांनी संध्याकाळी त्यांची कोल्हेकुई ऐकलेली असते. मला ती मुलगी आवडली. तिने आणखी एक गोष्ट ठरवली होती, कॉम्प्युटरवर केलेला कुत्रा नको, खरा हवा. बरीच कुत्री बघून ती आमच्या बागेत आली, गोण्याचा टोपीचा खेळ बघितला आणि म्हणाली, हाच.

शूटिंग मोऱ्याला होतं, उरणच्या धक्क्याच्या बाजूला. गोण्या, त्याच्यासारखी दिसणारी दोन कुत्री आणि मी अशी आमची व्यवस्था जनाबाय नावाच्या कोळणीच्या अंगणात केली होती. बाई साठीच्या, नवरा वारलेला, मुलगा बोटीवर. त्या रोज आपली छोटी होडी घेऊन तिवरांच्या कडेला कालवं काढायला जायच्या. गोण्या सिनेमात "विक्रम" होता, पण त्याने त्या नावाला कधी कान दिला नाही. जनाबाय त्याला "गोन्या" म्हणायच्या, त्याला मात्र तो ओ द्यायचा. त्यांनी त्याला सुके बोंबील खायची चटक लावली. मी रागावलो तर म्हणाल्या, "खाऊ द्या मास्तर. हिरोला जेवन नको का?"

टोपीचा खेळ त्यांनीही बघितला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या नुसत्याच बघत राहिल्या आणि मासे निवडायला आत गेल्या. मला वाटलं, बाईंना काही विशेष वाटलं नसावं.

शेवटचा शॉट असा होता. संध्याकाळचं ऊन, समोर चिखलाचा मोकळा पट्टा, पलीकडे तिवरं. नायक काठावर उभा आणि कुत्रा त्याच्याजवळून निघून सरळ तिवरांत शिरतो. धावत नाही, चालत जातो. मागे बघत नाही. ऋचाने मला चारचारदा बजावलं, "काका, एकदा जरी वळून बघितलं तरी सगळं गेलं."

हे सोपं नसतं. पाळलेला कुत्रा माणसापासून दूर जाताना दर दहा पावलांनी मागे बघतोच. मी येतोय का, मी चिडलोय का, हे बघत असतो. पलीकडे मी उभा राहिलो असतो तर तो माझ्याकडे उड्या मारत, शेपूट हलवत आला असता. ती लग्नाची वरात झाली असती, ताटातूट नव्हे. मग मला टोपी आठवली. दुपारी ओहोटीला मी चिखल तुडवत पलीकडे गेलो, आतल्या बाजूला एका तिवराच्या मुळावर टोपी ठेवली आणि परत आलो. शोधायला निघालेला कुत्रा नाक खाली घालून कामात असतो. तो मागे बघत नाही.

भरतीची वेळ मोबाईलवर बघितली होती. सेटवर जनावरांचे डॉक्टर असतात, त्यांनाही विचारलं. समोरचा चिखल कोरडा, पाणी लांब. तासभर हाताशी आहे असं दोघांचंही मत पडलं. डॉक्टर सोलापूरचे होते, मी साताऱ्याचा. दोन घाटावरच्या माणसांनी मिळून समुद्राबद्दल मत दिलं.

गोण्याला सोडलं. तो निघाला. मान खाली, पावलं सावकाश, सोनेरी उन्हात चिखलावर उमटणारे ठसे. मध्ये एकदा थांबला, मला वाटलं वळतोय, पण त्याने वारा घेतला आणि पुढे गेला. तिवरांत शिरला आणि दिसेनासा झाला. सेटवर कोणी हाललं नाही. मी आजवर केलेलं सगळ्यांत चांगलं काम ते होतं.

मी त्याला आणायला निघालो तेव्हा ऋचाने हात वर करून मला थांबवलं. नायकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा चालू होता, आवाज चालू होता. तो खरोखर रडत होता. त्याचं झाल्यावर ड्रोनने रिकामं खाजण टिपायचं होतं, त्यात माणूस दिसून चालणार नव्हतं. मी थांबलो. आज मी ऋचाला दोष देत नाही. मी हट्ट धरला असता तर तिने सोडलं असतं. पण मॉनिटरवर गोण्याचा शॉट पुन्हा लावला होता आणि मला तो बघायचा होता. मी तो तीनदा बघितला.

तेवढ्यात जनाबाय धक्क्याकडून जवळजवळ पळतच आल्या.

"मास्तर, कुत्रा तकडंच हाय?"

मी म्हणालो, हो, अजून पाणी लांब आहे.

"पानी समोरून नाय येत. मागच्या नळीनं येतं. तकडं भरलं असंल."

नळी म्हणजे तिवरांच्या मागून आत शिरणारा खाडीचा चिंचोळा फाटा. मी समोर बघितलं. चिखल तसाच होता, फक्त मध्ये एक चकाकणारी रेघ दिसत होती. बघता बघता ती रुंद झाली. मी दोन्ही हातांचा कर्णा करून गोण्याला हाका मारल्या. ऋचाने मारल्या, डॉक्टरांनी मारल्या, सगळं युनिट ओरडायला लागलं. अगदी मी शिकवताना सोसायटीतली पोरं ओरडायची तसं. तिवरांतून काही आलं नाही. टोपीचा खेळ सगळ्यांनी गंमत म्हणून बघितला होता; पाणी चढलं तरी तो उठणार नाही हे तिथे फक्त मला माहीत होतं. दोन पोरं चिखलात उतरली आणि मांडीपर्यंत रुतली, त्यांनाच ओढून काढावं लागलं.

जनाबायनी माझा दंड धरून मला होडीत बसवलं आणि बांबूने होडी ढकलली. वळसा घालून मागच्या बाजूने आत जायचं होतं. त्या म्हणाल्या, "हाका मारत ऱ्हावा ना. हाकेला येल."

"नाही येणार."

"का?"

"मीच तसं शिकवलंय. हात लावेपर्यंत उठायचं नाही."

त्यांनी बांबू रोवून होडी पुढे रेटली आणि म्हणाल्या, "आमी पोरांना पयलं हेच शिकवतो, मास्तर. पानी चढलं का कुनाची वाट बगायची नाय. आईची पन नाय."

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणा साहेबाने मला इतकं सुनावलं नाही.

गोण्या तिथेच होता. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं, बसलेला होता, नाक वर धरलेलं. टोपी वाहून गेली होती. ज्या मुळावर ती ठेवली होती ते मूळही पाण्याखाली गेलं होतं. पण जागा तीच होती आणि तो जागेला धरून होता. अंगाला कापरं भरलं होतं. आम्हाला बघून त्याचे कान हलले, बाकी काही नाही. उभा राहिला असता तर निदान छातीपर्यंत मोकळा झाला असता, एवढं साधं त्याने केलं नाही. होडी टेकायच्या आतच मी वाकलो, अर्धा पाण्यात गेलो आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. तेव्हा तो उठला. पाण्यात शेपूट हलवायला लागला. काम बरोबर झालं ना, असं त्याच्या तोंडावर होतं. मी त्या माउलीसमोर हमसून हमसून रडलो. त्या दुसरीकडे बघत होडी वळवत राहिल्या.

ऋचा काठावर रडतच उभी होती. तो शॉट टाकून देते म्हणाली. मी म्हटलं, ठेव, त्याने मेहनत केलीय. दुसऱ्या दिवशी ओहोटीला जनाबायना टोपी तिवरांच्या मुळांत अडकलेली सापडली. त्यांनी ती धुऊन, वाळवून आणून दिली. वर गोण्यासाठी बोंबलांची जुडी.

सिनेमा लागला तेव्हा मी आणि सुमन, म्हणजे माझी बायको, वाशीच्याच थिएटरात जाऊन बघून आलो. शेवटच्या शॉटला पुढच्या रांगेतली एक मुलगी आईला म्हणाली, त्याला आता माणूस नको झाला. मी अंधारात सुमनचा हात धरला. तो कुत्रा माणसाला सोडून चालला नव्हता, माझ्या वासामागे चालला होता. पण हे कोणाकोणाला सांगणार?

मोऱ्याहून परतल्यावर मी गोण्याला नवीन धडा द्यायला बसलो, हाकेवर उठायचा. रोज सकाळी टोपी ठेवायची, हाक मारायची, बोंबील दाखवायचा. सहा महिने. तो माझ्याकडे असा बघायचा की मास्तरांचं वय झालं, शिकवलेलं विसरले. आठ वर्षांच्या कुत्र्याच्या डोक्यातून मी माझंच शहाणपण काढू शकलो नाही. मग तो खेळ मी बंद केला आणि टोपी दारामागच्या खुंटीला लावून टाकली.

पण तेवढ्याने संपलं नाही. आता तो म्हातारा झाला आहे, ऐकू कमी येतं. मी बाहेर पडलो की तो त्या खुंटीखाली जाऊन बसतो आणि मी परत येऊन हात लावेपर्यंत उठत नाही. पाणी पीत नाही, खात नाही. सुमन म्हणाली, मग टोपी घेऊनच जात जा बरोबर. एकदा घेऊन गेलो. तो रिकाम्या खुंटीखाली बसला. तेव्हापासून मी लांब जाणं सोडलं. पुतण्याच्या लग्नालाही गावी गेलो नाही, सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. ते कारणही खोटं नव्हतं. दोन्ही गुडघे बदलायचे म्हणून डॉक्टर तीन वर्षं मागे लागले आहेत. त्यासाठी दवाखान्यात निदान पाच दिवस राहायचं, आणि पाच दिवस हा खुंटीखाली बसणार. मी तारीख पुढे ढकलत राहिलो.

शेवटी या वर्षी सुमन चिडली. म्हणाली, "कुत्र्याला शिकवता आलं नाही ना? मग मला शिकवा. तो हात कसा ठेवायचा ते."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. कपाळावर ठेवायचा हात माझाच असायला हवा, हे मी धरूनच चाललो होतो. मग रोज संध्याकाळी आमची शिकवणी सुरू झाली. मी जिन्यात जाऊन उभा राहायचो, गोण्या खुंटीखाली बसला की आत यायचो. सुमन त्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि तिच्या हातावर मी माझा. मग थोड्या दिवसांनी माझा हात नुसता टेकवायचो. मग एक बोट. मग हात दोन इंच वर. तो सुमनच्या हाताखालून माझ्या हाताकडे बघायचा आणि बसून राहायचा. असे तीन महिने गेले.

परवा मी जिन्यातच थांबलो, आत गेलो नाही. दाराच्या फटीतून बघत होतो. सुमनने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. गोण्याने दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो एकेक पाय सावरत उठला आणि तिच्यामागून सावकाश स्वयंपाकघरात गेला. मागे वळून बघितलं नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. आतून भांड्याचा आवाज येत होता, तो पाणी पीत होता. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली.